सरकारी मदतीची चौकशी व माहितीची मर्यादा

शेतकऱ्याच्या पदरीं सरकारी खजिन्यांतून येणारी मदत ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. पूर्वीं तगाई आणि दुष्काळांतील शेतसाऱ्याची सूट एवढ्यावरच जो व्यवहार थांबत असे, तो आतां कर्जमाफी, पीकविमा, सन्मान निधि, ठिबक सिंचनाचें अनुदान अशा अनेक वाटांनीं शेतकऱ्याच्या घरापर्यंत येऊन पोहोंचला आहे. पाटाला पाणी सोडलें म्हणजे तें कोठें तरी फुटावयाचेंच. आणि फुटलें म्हणजे चौकशी आलीच. परंतु चौकशी सुरू झाली कीं गांवांत दोन प्रकारच्या तक्रारी ऐकूं येतात. एक गृहस्थ म्हणतो, "अमक्यानें खोटीं कागदपत्रें देऊन पैसे उचलले, हें साऱ्या आळीस ठाऊक आहे, पण कचेरींत विचारावयास गेलों तर ‘ही माहिती गोपनीय आहे’ म्हणून परत पाठवितात." दुसरा म्हणतो, "माझ्यावर अपात्रतेची नोटीस आली, हप्ता बंद झाला. पण मी कोणत्या कारणानें अपात्र ठरलों, हें मला कोणी सांगत नाहीं."

वस्तुतः या दोन्ही तक्रारींचें उत्तर कायद्यांत आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब उघड असावा, माणसाचा खासगी व्यवहार झांकलेला असावा, तपासाचें काम बिघडूं नये, आणि ज्याच्यावर आरोप आला त्यास तो आरोप काय तें कळावें, अशा चार गोष्टी कायद्यास एकाच वेळीं सांभाळावयाच्या असतात. त्यांपैकीं एकीची हद्द कोठें संपते व दुसरीची कोठें सुरू होते, हें ज्यास समजलें, त्यास कचेरींत काय मागावें व काय मागूं नये हें नेमकें कळतें आणि त्याचे हेलपाटे वांचतात. म्हणून हा विषय आम्ही येथें शक्य तितक्या सोप्या रीतीनें मांडीत आहों.

प्रश्न केवढा आहे

सन २००८ मध्यें केंद्र सरकारनें शेतकऱ्यांकरितां कर्जमाफीची योजना काढली. तिच्याखालीं सुमारें ३ कोटि ४५ लाख शेतकऱ्यांस सुमारें ५२ हजार कोटि रुपयांचा लाभ दिला गेला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या योजनेवरील अहवाल मार्च २०१३ मध्यें संसदेपुढें आला. त्यांनीं नमुन्यादाखल माफी मिळालेलीं ८०,२९९ खातीं तपासलीं, त्यांत शेंकडा साडेआठ खातीं अपात्रांचीं निघालीं. उलट बाजूनें, ज्यांस लाभ दिलाच नव्हता अशीं ९,३३४ खातीं पाहिलीं, त्यांत १,२५७ खातीं पात्र असूनहि वगळलेलीं आढळलीं. २,८२४ प्रकरणांत दप्तरांत खाडाखोड किंवा फेरफार केल्याचा प्रथमदर्शनीं पुरावा मिळाला. आणि तपासलेल्या ६१,७९३ खात्यांपैकीं २१,१८२ खात्यांत, शेतकऱ्यास माफीचा दाखला दिल्याची पोंच किंवा दुसरा कांहीं पुरावाच सांपडला नाहीं.

या शेवटच्या आंकड्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. ज्याच्या नांवावर माफी पडली, त्यासच ती कळविल्याचा पुरावा नसेल, तर मधल्यामध्यें कोणी काय केलें हें पाहणार कोण? अपात्रास पैसा जाणें आणि पात्र माणूस वंचित राहणें हीं एकाच रोगाचीं दोन लक्षणें आहेत. आणि योग्य माणसास योग्य माहिती न मिळणें हें त्या रोगाचें एक मोठें कारण आहे.

त्यानंतरच्या योजनांतहि हा प्रश्न सुटलेला नाहीं. फेब्रुवारी २०१९ मध्यें सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेंत शेतकरी कुटुंबास वर्षास ६,००० रुपये मिळतात. महाराष्ट्र सरकारनें सन २०२३ मध्यें नमो शेतकरी महासन्मान निधि काढून त्यांत आणखी ६,००० रुपयांची भर घातली. आयकर भरणारे, सरकारी नोकर, महिना १० हजार रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांसारखे व्यावसायिक हे पीएम-किसानमधून वगळलेले आहेत. अगदीं खालच्या श्रेणींतील सरकारी नोकरांस मात्र सवलत आहे. तरीहि अशा अनेकांच्या खात्यांवर पैसे गेले व पुढें तहसील कचेऱ्यांमार्फत वसुलीच्या नोटिसा निघाल्या. जून २०२४ मध्यें सुरू केलेल्या लाडकी बहीण योजनेंत तर जुलै २०२५ मध्यें सुमारें २६ लाख ३४ हजार महिलांचा हप्ता, त्या प्रथमदर्शनीं अपात्र दिसतात या कारणावरून, तात्पुरता थांबविण्यांत आला व जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी व्हावयाची ठरलें. इतक्या घरांवर एकदम संशयाची छाया पडते, तेव्हां माहितीचे नियम हा केवळ वकिलांचा विषय राहत नाहीं.

उघड काय आहे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, हा १२ ऑक्टोबर २००५ रोजीं अमलांत आला. आणि त्या कायद्याखालील देशांतील पहिला अर्ज त्याच दिवशीं आपल्या पुण्यांतच एका पोलीस ठाण्यांत दाखल झाला, ही गोष्ट पुणेंकरांस अभिमानास्पद आहे. त्यापूर्वींच, सन २००२ मध्यें, महाराष्ट्रानें स्वतःचा माहितीचा कायदा केला होता.

या अधिनियमाचें कलम ४ शेतकऱ्यानें नीट ध्यानांत ठेवावें. अनुदानाचे कार्यक्रम कसे राबविले जातात, त्यांकरितां किती रक्कम दिली आहे आणि लाभार्थी कोण आहेत, याचा तपशील सरकारी कचेरीनें कोणीं मागण्याची वाट न पाहतां आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा, असें हें कलम सांगतें. म्हणजे लाभार्थ्यांची यादी दाखविणें ही कचेरीची मेहेरबानी नसून तिचें कर्तव्य आहे. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर गांववार यादी दिलेली असते, ती याच तत्त्वास अनुसरून आहे. जमिनीचीं अधिकारपत्रकें तर पूर्वापार उघडच आहेत. कोणाचाहि सातबारा कोणासहि पाहतां येतो. म्हणून लाभार्थ्याच्या नांवावर जमीन आहे कीं नाहीं, हें पडताळून पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

आपल्या राज्यांत या उघडेपणाचे दोन चांगले प्रयोग झाले. सन २०१७ च्या छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेंत अर्जदारांच्या याद्यांचें गांवोगांव चावडीवाचन करण्यांत आलें. पुढें महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ति योजनेंत २४ फेब्रुवारी २०२० रोजीं पहिली यादी निघाली. तींत ६८ गांवांतील १५,३५८ खातीं होतीं. या याद्या ग्रामपंचायतींत व बँकांत लावल्या गेल्या आणि शेतकऱ्यानें स्वतः येऊन कर्जाची रक्कम बरोबर आहे कीं नाहीं हें पाहून आधारच्या साहाय्यानें प्रमाणित करावयाचें, असा नियम ठेवला. सन २००८ च्या योजनेंत जें राहून गेलें होतें, तेंच येथें साधण्याचा प्रयत्न झाला.

आंकडेवारी ही दुसरी उघड वस्तु आहे. जानेवारी २०२१ मध्यें माहितीच्या अधिकाराचे अभ्यासक व्यंकटेश नायक यांनीं केंद्रीय कृषि मंत्रालयाकडून मिळविलेली माहिती प्रसिद्ध झाली. पीएम-किसानमध्यें जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्रांस १,३६४ कोटि रुपये दिले गेले, त्यांत अर्ध्याहून अधिक आयकर भरणारे होते, आणि महाराष्ट्राचा वांटा २ लाख ८६ हजार लाभार्थ्यांचा होता, असें तीवरून देशास कळलें. यांत एकाहि व्यक्तीचें नांव नव्हतें. तरीहि यंत्रणेंत भोंक कोठें आहे हें त्या आंकड्यांनीं स्पष्ट दाखविलें. नांवांशिवायहि माहिती किती उपयोगी पडते, याचा हा उत्तम दाखला होय.

झांकलेलें काय आहे

आतां दुसरी बाजू पाहूं. चौकशीच्या कागदांत चार प्रकारची माहिती अशी असते कीं, ती सहसा तिऱ्हाइतास मिळत नाहीं.

पहिली, आधार व बँक खात्याचा तपशील. सन २०१६ च्या आधार अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणें कोणाचाहि आधार क्रमांक, नियमांत सांगितलेल्या कामाखेरीज, सार्वजनिक रीतीनें प्रसिद्ध करतां येत नाहीं. आणि बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची नोंद तर कोणासहि देतां येत नाहीं. ओळखीविषयींची इतर माहिती न्यायालयाच्या हुकमानें मागावयाची झाली तरी तो हुकूम उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापेक्षां खालच्या दर्जाचा चालत नाहीं. म्हणून यादी मागतांना आधार क्रमांक मागणें व्यर्थ आहे.

दुसरी, आयकराची व उत्पन्नाची माहिती. अमुक मनुष्य आयकर भरतो कीं नाहीं, हें सरकारच्या एका खात्यानें दुसऱ्या खात्यास कायद्यानें ठरविलेल्या मार्गानें कळविणें वेगळें आणि तें गांवास सांगणें वेगळें. महाराष्ट्रांतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणांत ३ ऑक्टोबर २०१२ रोजीं असें ठरलें कीं, आयकराचीं विवरणपत्रें ही व्यक्तिगत माहिती असून व्यापक सार्वजनिक हित दाखविल्याशिवाय ती मिळणार नाहीं. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें पुट्टस्वामी प्रकरणांत खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हां या विचारास अधिकच बळ आलें.

या बाबतींत एक नवा बदल वाचकांनीं लक्षांत घ्यावा. माहितीच्या अधिनियमाच्या कलम ८(१)(ञ) मध्यें पूर्वीं अशी तरतूद होती कीं, ज्या व्यक्तिगत माहितीचा सार्वजनिक कामाशीं संबंध नाहीं, किंवा जी दिल्यानें खासगीपणावर अकारण आक्रमण होईल, तीच नाकारावी. आणि व्यापक सार्वजनिक हित असल्यास तीहि द्यावी. विधिमंडळास जी नाकारतां येत नाहीं ती नागरिकासहि नाकारूं नये, असेंहि पुढें म्हटलें होतें. सन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानें हें कलम बदललें व तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आला. आतां त्या कलमांत, माहिती ‘व्यक्तिगत’ आहे, एवढेंच कारण नकारास पुरतें. मात्र दोन गोष्टी शिल्लक आहेत. एक, वर सांगितलेलें कलम ४ या बदलानें काढून टाकलेलें नाहीं. दुसरी, कलम ८(२) कायम आहे. त्याप्रमाणें, ज्या हिताचें रक्षण करावयाचें त्याच्या हानीपेक्षां माहिती उघड करण्यांतलें सार्वजनिक हित मोठें असेल, तर ती माहिती देतां येते. पूर्वीं ज्या हिताचा विचार अधिकाऱ्यानें त्याच कलमांत करावयाचा, त्याची आठवण आतां अर्जदारानेंच स्पष्ट शब्दांत करून द्यावी हें बरें.

तिसरी, खबर देणाऱ्याचें नांव. जी माहिती दिल्यानें एखाद्याच्या जिवास वा शरीरास धोका होईल, किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठीं विश्वासानें खबर देणारा ओळखला जाईल, ती कलम ८(१)(छ) प्रमाणें नाकारतां येते. ही तरतूद किती गरजेची आहे, हें पुणें जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. जमिनींच्या व्यवहारांतील गैरप्रकार माहितीच्या अधिकारानें उजेडांत आणणारे तळेगांव दाभाडे येथील कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजीं खून झाला. म्हणून ज्याच्यावर नोटीस आली, त्यानें आरोप काय हें अवश्य विचारावें. पण आपल्याविरुद्ध अर्ज कोणीं केला हें शोधण्याच्या नादीं लागूं नये. आरोपाचें उत्तर कागदानें देतां येतें; त्यास तक्रारदाराचें नांव लागत नाहीं.

चौथी, तपासाचे डांवपेंच. ज्या माहितीनें तपासास, गुन्हेगार पकडण्यास किंवा खटला चालविण्यास अडथळा येईल, ती कलम ८(१)(ज) प्रमाणें नाकारतां येते. उद्यां कोणत्या सेवाकेंद्राचें दप्तर जप्त व्हावयाचें आहे, हें आज कोणीं विचारलें व कचेरीनें सांगितलें, तर रात्रींतून कागद नाहींसे होतील. पोलीस तपासांतील केस डायरीहि आरोपीस मागतां येत नाहीं, ती याच हेतूनें.

"चौकशी चालू आहे" हें उत्तर पुरेसें नाहीं

परंतु येथेंच अनेक कचेऱ्या चुकतात. चौकशी चालू आहे एवढ्यावरून सगळी फाईल बंद होत नाहीं. दिल्ली उच्च न्यायालयानें भगत सिंग यांच्या प्रकरणांत डिसेंबर २००७ मध्यें सांगितलें कीं, तपास केवळ चालू असणें हें माहिती नाकारण्याचें कारण होऊं शकत नाहीं. ती दिल्यानें तपासास अडथळा कसा येईल, हें अधिकाऱ्यानें सकारण दाखविलें पाहिजे. म्हणून "चौकशी चालू आहे, सबब माहिती देतां येत नाहीं" असें एका ओळीचें उत्तर आल्यास तें शेवटचें समजूं नये.

तसेंच कलम १० अत्यंत उपयोगी आहे. एकाच कागदावर देण्याजोगी व न देण्याजोगी अशी दोन्ही माहिती असेल, तर न देण्याजोगा भाग झांकून उरलेला भाग द्यावा, असें तें सांगतें. यादींतील बँक खात्याचा रकाना काळा करून यादी देतां येते. एका रकान्यासाठीं सबंध यादी अडवून ठेवणें कायद्यास धरून नाहीं.

प्रकरण पोलिसांकडे गेलें तर आणखी एक दार उघडतें. सर्वोच्च न्यायालयानें ७ सप्टेंबर २०१६ रोजीं आज्ञा केली कीं, नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळतां प्रथम खबर नोंदल्यापासून सामान्यतः २४ तासांच्या आंत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावी. पुढें दोषारोपपत्र दाखल झालें म्हणजे त्याच्या व त्याच्या आधाराच्या कागदांच्या नकला आरोपीस विनामूल्य मिळतात. म्हणजे तपासाचा पडदा हा कायमचा नसून कामापुरता असतो.

ज्याच्यावर नोटीस आली त्याचा हक्क

तिऱ्हाइतास जें मिळत नाहीं, तें ज्याच्याविषयीं चौकशी आहे त्यास बहुतांशीं मिळालें पाहिजे. हा भेद फार महत्त्वाचा आहे. स्वतःचा अर्ज, स्वतःच्या खात्यावर आलेल्या हप्त्यांचा तपशील आणि आपणांस अपात्र ठरविणारी नोंद, यांबाबत शेतकऱ्याच्याच खासगीपणाचें कारण त्यालाच सांगणें शोभत नाहीं.

यामागें ‘दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊं नये’ हें नैसर्गिक न्यायाचें जुनें तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयानें भारतीय स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल या प्रकरणांत २७ मार्च २०२३ रोजीं ठरविलें कीं, कर्जदाराचें खातें ‘फसवणुकीचें’ म्हणून जाहीर करण्यापूर्वीं त्यास नोटीस द्यावी, लेखापरीक्षणाच्या अहवालांतील निष्कर्ष कळवावे, त्याचें म्हणणें ऐकावें आणि सकारण हुकूम करावा. त्यापूर्वीं फेब्रुवारी २०२२ मध्यें, शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीसंबंधींच्या टाकानो प्रकरणांत, त्याच न्यायालयानें म्हटलें होतें कीं, ज्या चौकशी-अहवालाच्या आधारानें नोटीस निघते, त्याचा संबंधित भाग नोटीस मिळालेल्यास द्यावा. तिऱ्हाइतांची खासगी माहिती असलेला भाग तेवढा वगळतां येतो. हे दोन्ही निकाल बँकेच्या व बाजाराच्या व्यवहारांतले असले, तरी त्यांतील तत्त्व अनुदानाच्या नोटिशीस आमच्या मतें तितकेंच लागू पडतें. सरकारकडून कोट्यवधींचें कर्ज घेणाऱ्यास जो न्याय, तो ६,००० रुपये घेणाऱ्यास कां नसावा?

हें न पाळल्यास काय होतें, याचें उदाहरण हॉलंड देशानें पाहिलें आहे. तेथें मुलांच्या संगोपनासाठीं कुटुंबांस मिळणाऱ्या सरकारी भत्त्यांत लबाडी शोधण्याची मोहीम निघाली. अर्जांतील लहानसहान चुकांवरून हजारों आईबापांस लबाड ठरवून सगळी रक्कम परत मागण्यांत आली. कित्येकांस आपली चूक काय हें कळेना. कांहींनीं आपलें दप्तर मागितलें तेव्हां त्यांच्या हातीं काळें केलेल्या पानांचे गठ्ठे पडले. संसदेच्या समितीनें डिसेंबर २०२० मध्यें हा अन्याय उघड केला आणि १५ जानेवारी २०२१ रोजीं तेथील मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. लबाड पकडण्याच्या भरांत प्रामाणिक माणसास अंधारांत ठेवलें, तर अनुदानावरचा व सरकारवरचा असा दोन्ही विश्वास उडतो.

सोसायटीचें दप्तर

कर्जमाफीचा व्यवहार बहुतेक गांवांत विविध कार्यकारी सोसायटीमार्फत होतो. या सोसायट्यांस माहितीचा अधिनियम सरसकट लागू होत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणांत ऑक्टोबर २०१३ मध्यें सांगितलें कीं, सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणांत चालणाऱ्या संस्था सोडल्यास सहकारी संस्था ही सार्वजनिक प्राधिकरण नव्हे. परंतु तेवढ्यानें सभासदानें निराश होण्याचें कारण नाहीं. सहकार खात्याचे निबंधक कायद्यानें सोसायटीकडून जी माहिती मागूं शकतात, ती त्यांच्या कचेरीमार्फत मागतां येते.

शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, याच्या कलम ३२ प्रमाणें सभासदास सोसायटीच्या कचेरींत उपविधि, लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, सभासदांचें रजिस्टर, सभांचीं इतिवृत्तें आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहतां येतात; ठराविक फी भरल्यास एक महिन्याच्या आंत नकला मिळतात. येथेंहि कायद्यानें तीच मर्यादा घातली आहे : संस्थेचा हिशेब सर्व सभासदांस उघड, पण कर्जखात्याचें पान ज्याचें त्यालाच. महालेखापरीक्षकांस जी खाडाखोड सांपडली, ती प्रत्येक शेतकऱ्यानें वर्षांतून एकदां आपलें पान पाहिलें असतें तर पुष्कळ अगोदर सांपडली असती.

अर्ज कसा करावा

महाराष्ट्रांत माहितीच्या अर्जास १० रुपये फी आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ती माफ आहे. अर्ज एकाच विषयाचा व सामान्यतः १५० शब्दांच्या आंत असावा. माहिती कां हवी याचें कारण देण्याची सक्ति नाहीं. मात्र दुसऱ्याविषयीं माहिती मागावयाची असेल, तर कलम ८(२) चा उल्लेख करून सार्वजनिक हित काय आहे तें दोन वाक्यांत लिहावें. चुकीच्या कचेरींत अर्ज गेला, तर तो पांच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठविणें हें तिचें काम आहे.

"अमक्याची सगळी फाईल द्या" असें लिहूं नये. त्यापेक्षां, "अमुक गांवांत अमुक वर्षीं अमुक योजनेचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती अपात्र ठरले, कोणत्या कारणांनीं ठरले, किती रक्कम वसूल झाली, आणि लाभार्थ्यांची यादी आधार व बँक क्रमांक वगळून द्यावी," असें लिहावें. पीकविम्यांत आपल्याच गटनंबरावर दुसऱ्या कोणीं अर्ज केल्याचा संशय असेल, तर "माझ्या अमुक गटनंबरावर अमुक हंगामांत किती क्षेत्राचे, कोणत्या पिकाचे, कोणत्या तारखेस व कोणत्या केंद्रावरून अर्ज भरले गेले," एवढें विचारावें. असा नेमका प्रश्न नाकारणें अधिकाऱ्यास जड जातें.

उत्तर ३० दिवसांत यावयास पाहिजे. मागितलेल्या माहितीचा तिऱ्हाइतानें दिलेल्या गोपनीय गोष्टीशीं संबंध असेल, तर त्यास नोटीस देऊन त्याचें म्हणणें घ्यावें लागतें. अशा वेळीं ४० दिवसांची मुदत असते. नकार आल्यास किंवा उत्तरच न आल्यास ३० दिवसांत त्याच कचेरींतील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलें अपील करावें, आणि तेथेंहि समाधान न झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरें. आपल्या भागासाठीं आयोगाचें खंडपीठ पुण्यांतच आहे. विनाकारण माहिती अडविणाऱ्या अधिकाऱ्यास दर दिवसास २५० रुपये, पण एकूण २५,००० रुपयांपर्यंत, दंड होऊं शकतो.

अपात्रतेची नोटीस आलेल्यानें प्रथम मुदत पाहावी आणि मुदतीच्या आंत लेखी उत्तर द्यावें. उत्तरांत, अपात्रतेचें नेमकें कारण, त्याचा आधारभूत कागद आणि सुनावणीची तारीख यांची मागणी करावी व पोंच घ्यावी. ज्याच्याकडून खरोखरच चूक झाली असेल, त्यानें पैसे परत करून पावती जपून ठेवावी, हेंच शहाणपणाचें.

एक सावधगिरी

माहिती हातीं आली म्हणजे तिचा उपयोग कसा करावा, याचीहि मर्यादा आहे. अपात्र ठरणें आणि लबाडी करणें या दोन गोष्टी एक नव्हेत. वारसनोंद व्हावयाची राहिली, मुलगा नोकरीस लागला, वडील निवर्तले आणि खातें तसेंच चालू राहिलें, अशा कारणांनींहि मनुष्य अपात्र ठरतो. अशाचें नांव ‘बोगस’ म्हणून व्हॉट्सॲपवरून गांवभर फिरविलें, तर फिरविणाराच अब्रुनुकसानीच्या खटल्यांत सांपडेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणें या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा आहे. सरकारी अधिकाऱ्यास जाणूनबुजून खोटी खबर देणें हाहि गुन्हाच आहे. म्हणून संशय असेल तर तो पुराव्यासह अधिकाऱ्यास लिहून कळवावा, व निर्णय झाल्याशिवाय चावडीवर कोणाचें नांव घेऊं नये.

शेजाऱ्याच्या व आपल्या शेतामध्यें बांध असतो. तो आपणांस शेजाऱ्याच्या पिकांत शिरूं देत नाहीं, तसाच शेजाऱ्यासहि आपल्या पिकांत शिरूं देत नाहीं. पण पाटाचें पाणी कोणाकडे किती वळलें, हें बांधावर उभें राहून कोणासहि दिसतें. माहितीचा कायदा असाच आहे. सार्वजनिक पैसा कोणाकडे किती गेला हें पाहण्याचा हक्क प्रत्येकास आहे. दुसऱ्याच्या घरांत डोकावण्याचा नाहीं. आणि ज्याचें पाणी बंद केलें, त्यास तें कां बंद केलें हें विचारण्याचा हक्क सर्वांत अगोदर आहे. या हंगामांत निदान एवढें तरी प्रत्येक वाचकानें करावें : सोसायटींतील आपलें पान पाहावें, आपल्या गटनंबरावरील पीकविम्याची नोंद तपासावी, आणि ग्रामपंचायतींत लागलेली यादी वाचून काढावी. जें आज उघड आहे तेंच आपण पाहिलें नाहीं, तर झांकलेल्याबद्दल तक्रार करण्यास आपणांस तोंड राहणार नाहीं.